वाट बंद होण्याआधी

गडचिरोली जिल्ह्यातले भामरागड हे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमावरचे तालुक्याचे गाव. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की आलापल्लीकडून येणारी वाट बंद होते आणि पलीकडची खेडी बाहेरच्या जगापासून तुटतात. एका मोसमात हे कितीतरी वेळा होते. म्हणून अशा दुर्गम गावांच्या रेशन दुकानांत पावसाळ्याच्या चार महिन्यांचे धान्य पाऊस सुरू होण्याआधीच नेऊन ठेवले जाते. ज्या बायकांचे दिवस भरत आले आहेत, त्यांना आरोग्य केंद्राच्या आवारातल्या ‘माहेरघरा’त आधीच आणून ठेवण्याची सोय आहे. आदिवासी भागांसाठीच्या नवसंजीवन योजनेत १९९५ पासून धान्य आधी पोहोचवण्याचे काम सरकारी यंत्रणेला नेमून दिलेले आहे. ते सगळीकडे सारखे चोख होते असे नाही. पण त्यामागचा विचार पक्का आहे: कोणती वाट बंद होणार, केव्हा होणार आणि किती दिवस बंद राहणार, एवढे ठाऊक असेल तर तेवढ्या दिवसांचे धान्य वाटेच्या अलीकडे नाही, पलीकडे हवे.

गेल्या काही वर्षांत शहरांतही साठवणुकीचे बोलणे वाढले आहे. करोनाची टाळेबंदी झाली, पूर आले, बँकांवर निर्बंध आले, युद्धांच्या बातम्या रोज घरात येऊ लागल्या. उद्या काही झाले तर घरात काय असावे, हा प्रश्न आता कुणाला वेडगळ वाटत नाही. युरोपातही तो सरकारी पातळीवर विचारला जातो. स्वीडनने २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये घरोघरी पुस्तिका पाठवली. ताज्या पुस्तिकेत प्रत्येक घराने किमान आठवडाभर स्वतःच्या बळावर राहण्याची तयारी ठेवावी असे सांगितले आहे. युरोपीय संघाने मार्च २०२५ मध्ये ७२ तासांचा हिशोब मांडला. आपल्याकडे या विषयावरचा अनुभव मात्र फार जुना आहे आणि तो पुस्तिकेत नाही, स्वयंपाकघरात आहे.

कोकणात रोहिणी नक्षत्र लागले की घराघरात घाई दिसते. मृगाच्या आत सगळे आटपायचे असते, कारण पुढचे काम उन्हावाचून होत नाही आणि ऊन संपत आलेले असते. अंगणात, खळ्यात, पडवीच्या कौलांवर काही ना काही वाळत पडलेले असते. कोकमाची साले रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालायची, तेव्हा कुठे आमसुले होतात. उरलेल्या रसात मीठ घालून आगळ भरून ठेवायचे. कैऱ्या मिठाच्या पाण्यात, आंबोशी उन्हात, फणसाचे कच्चे गरे खारात. आठळ्यांना लाल माती चोळून त्या कोनाड्यात टाकल्या की आषाढातल्या भाजीची सोय झाली. चिंच चिंचोके काढून, मीठ लावून, गोळे करून बरणीत. कुळीथ भाजून दळून त्याचे पीठ. कांद्याच्या माळा वाशाला टांगलेल्या. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा तर मे महिन्यात रस्त्याच्या कडेला ओळीने विकायला असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे सुके बोंबील, जवळा, सोडे, खारे बांगडे आधीच घेऊन, पुन्हा एकदा ऊन दाखवून डब्यात. लाकूडफाटा पडवीत रचलेला, शेणी माळ्यावर. गोव्यात याच दिवसांत मडगावला पुरुमेंताचे फेस्त भरते. तिथेही सुके मासे, मिरच्या, कोकम आणि मीठ घेऊनच लोक घरी परततात.

या सगळ्या यादीत घरात एरवी वापरली जात नाही अशी एकही वस्तू नाही. साठवलेले श्रावण-भाद्रपदापर्यंत खाऊन संपते आणि पुढच्या वैशाखात नवे येते. संकटासाठी म्हणून वेगळे काही आणून कपाटात कुलूपबंद केले जात नाही, म्हणून ते कुजतही नाही आणि फेकावेही लागत नाही. शिवाय खरेदी होते ती माल भरपूर असतो त्या दिवसांत. वैशाखात गहू, तूर, मिरची, चिंच बाजारात नवी आलेली असते. तेव्हा वर्षाचे भरून घेणारे घर कुणाच्या तोंडचे काढून घेत नाही. उलट शेतकऱ्याचा माल उचलला जातो.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे. ही सगळी बेगमी बायकांच्या श्रमावर उभी होती. तीन दिवस गहू भिजवून चीक काढणे, पहाटे उठून तो शिजवणे, ऊन तापायच्या आत कुरडया घालणे, पापडाचे पीठ कुटणे, वर्षाचे गहू पाखडून निवडणे, कोठीला कडुनिंबाचा पाला आणि बिब्बे घालणे, तूरडाळीला एरंडेल चोळणे हे काम उन्हाळाभर चाले आणि त्याचा मोबदला कुणी दिला नाही. नोकरी करणाऱ्या बाईने ते सोडून दिले यात काही चुकले असे मला वाटत नाही. आता हेच पदार्थ गावोगावचे बचत गट करतात आणि त्याचे पैसे बायकांच्या हातात पडतात. ही वाट मला अधिक न्यायाची वाटते. पण काम सोडताना त्यामागचा हिशोबही आपण सोडला. दहा मिनिटांत घरपोच सामान देणाऱ्या शहरात कित्येक घरांत दोन दिवसांचेही धान्य नसते.

देशावर साठवण जमिनीखाली होती. ज्वारीचे पेव म्हणजे अरुंद तोंडाची, आत रुंद होत गेलेली खोल खड्ड्याची कोठी. आतून कडबा-पाचट लावायचे, धान्य भरायचे आणि तोंड मातीने बंद करायचे. आतल्या धान्याच्या श्वासाने प्राणवायू संपतो, किडीला जगता येत नाही आणि ज्वारी वर्षानुवर्षे टिकते. त्याच कारणाने पेव माणसाचाही जीव घेते. म्हणून ते उघडल्यावर काही काळ तसेच ठेवायचे, आत कंदील सोडून पाहायचा, तो विझला तर उतरायचे नाही, ही शिस्त गावोगाव होती. जिथे ती मोडली तिथे माणसे गेली आहेत. शहरातल्या घरांनाही याच जातीचा एक इशारा द्यायला हवा: धान्याला कीड लागू नये म्हणून मिळणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही ठेवू नयेत. दमट हवेत त्यांतून विषारी वायू निघतो आणि बंद खोलीत झोपलेली माणसे उठत नाहीत.

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे हळदीसाठी प्रसिद्ध. तिथल्या मातीत पाणी पाझरत नाही, म्हणून हळद तिथे वर्षे न् वर्षे राहत असे. सांगलीच्या हळद बाजाराचा तो मोठा आधार होता. २००५ च्या पुरात कृष्णेचे पाणी या पेवांवर आले आणि त्यांचे फार मोठे नुकसान झाले. मातीने पिढ्यान्पिढ्या राखलेला माल नदीने एका आठवड्यात संपवला. साठवण किती आहे याइतकेच ती कुठे आहे हे महत्त्वाचे, हे हरिपूरने फार महाग किंमत मोजून दाखवले. त्यानंतरच्या पुरांनी तेच पुन्हा दाखवले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली पाण्यात गेले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. कोल्हापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पंचगंगेचे पाणी आले आणि जवळपास आठवडाभर मालवाहतूक थांबली. उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्याने शहराच्या नळांना पाणी येईना. चहूकडे पाणीच पाणी आणि प्यायला टँकरची रांग, अशी अवस्था पुराच्या रेषेपासून कितीतरी उंच असलेल्या पेठांतही झाली. पेट्रोल अत्यावश्यक वाहनांसाठी राखून ठेवावे लागले. ‘गोकुळ’चे दूध संकलन थांबले आणि मुंबईत दुधाची टंचाई झाली. म्हणजे ज्या घरांत पाण्याचा एक थेंब शिरला नव्हता तिथेही, अगदी तीनशे-चारशे किलोमीटरवरच्या घरांतसुद्धा, पूर पोहोचला होता.

चिपळूणचे २२ जुलै २०२१ चे दुःख वेगळे होते. वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी रात्रीतून बाजारपेठेत चढले आणि तळमजल्यावरची दुकाने, घरे बुडून गेली. आषाढ चालू होता. म्हणजे आगोटीचे, पावसाळ्याआधी भरायचे सामान घरांत भरून झाले होते आणि दुकानदारांनी पुढच्या सणांचा माल भरला होता. वर्षाचे तांदूळ, डाळी, साखर, पिठे सगळे चिखलात गेले. ज्या शहाणपणाने घर भरले होते, तेच शहाणपण तळमजल्यावर ठेवल्याने वाहून गेले. जुन्या कोकणी घरांना माळा असे आणि किमती सामान त्यावर असे. नव्या बांधकामात तो गेला आणि त्याच्या जागी लॉफ्ट आला. त्यात बहुधा जुन्या बॅगा असतात. नदीकाठच्या गावांत निदान आठवडाभराचे धान्य, पिण्याचे पाणी, औषधे आणि कागदपत्रे गुडघ्याच्या नाही, डोक्याच्या वर असली पाहिजेत. गॅसचे भरलेले सिलिंडरही पाण्यावर तरंगतात; पूर यायच्या आत रेग्युलेटर काढून ते बांधून ठेवणे हे घरातल्या प्रत्येकाला यायला हवे.

आता २४ मार्च २०२०. रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर केली, ती मध्यरात्रीपासून. पुढच्या चार तासांत देशभर किराणा दुकानांपुढे गर्दी उसळली. अंतर राखा असे ज्या घोषणेत सांगितले होते, त्याच घोषणेनंतर लोक एकमेकांना खेटून उभे राहिले. त्या रात्री देशात धान्याची टंचाई मुळीच नव्हती. अन्न महामंडळाच्या कोठारांत राखीव साठ्याच्या निकषापेक्षा दुपटीहून अधिक गहू-तांदूळ होता. पण कोठार आणि घर यांच्यामध्ये दुकान असते, आणि दुकानात एका वस्तीला काही दिवस पुरेल इतकाच माल असतो. ज्याच्या खिशात पैसे होते त्याने त्या रात्री महिन्याचे नेले. ज्याला शनिवारी पगार मिळणार होता तो पगार घेऊन गेला तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या.

मला बेगमी आणि साठेबाजी यांत फरक दिसतो तो इथे. दोन्हींत वस्तू त्याच, घरही तेच. वैशाखात भरलेली वीस किलो डाळ शेजाऱ्याला झळ लागू देत नाही. संकटाच्या रात्री उचललेली पाच किलो त्याच्या ताटातून आलेली असते. शिवाय ज्याने आधी भरले आहे तो त्या रात्री रांगेत नसतो, म्हणजे रांग तेवढी कमी होते. व्यापाऱ्यांच्या साठ्यावर अत्यावश्यक वस्तू कायदा १९५५ पासून आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये कांद्यासाठी किरकोळ विक्रेत्याला २ टन आणि घाऊक व्यापाऱ्याला २५ टन अशी मर्यादा घातली गेली होती. घरांना अशी मर्यादा कुणी घालू नये. ती ज्याची त्याने तहान लागण्यापूर्वी विहीर खणून पाळायची असते.

मग किती ठेवावे? चार प्रौढ माणसांच्या घराला पंधरा दिवसांसाठी, माणशी रोज तीनशे ग्रॅम धरले तर गहू-तांदूळ-ज्वारी मिळून १८ किलो लागते. डाळ-कडधान्य माणशी साठ ग्रॅमने साडेतीन किलोच्या वर, तेल दोन लिटरच्या आत. हे काही फार नाही, पलंगाखाली मावते. यात भाजलेले शेंगदाणे, गूळ, पोहे, फुटाणे, सातूचे किंवा मेतकुटाचे पीठ असे न शिजवता खाता येणारे काही हवेच, कारण पुरात चूल आणि गॅस दोन्ही जातात. मीठ, हळद, साखर पुरेशी असावी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा आणि सपाट, हे जुलाबावरचे पाणी घरातल्या शाळकरी मुलालाही करता आले पाहिजे.

पाण्याचा हिशोब धान्याहून अवघड, कारण ते जड असते आणि टिकत नाही असे आपण धरून चालतो. पिण्यासाठी आणि जेमतेम स्वयंपाकासाठी माणशी रोज तीन लिटर धरले तर चौघांना आठवडाभर ८४ लिटर लागते. वापरायचे पाणी वेगळेच; मदतकार्यात सर्व मिळून माणशी १५ लिटर हे किमान मानले जाते. झाकणाचे स्वच्छ कॅन भरून ठेवावेत आणि काही आठवड्यांनी ते पाणी वापरून पुन्हा भरावेत. पुरानंतरचे पाणी खळाळून उकळल्याखेरीज किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबल्याखेरीज पिऊ नये. मराठवाड्याला हे शिकवावे लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या लातूरमध्ये घराघरांत बॅरल, हौद, टाक्यांची रांग होती, आणि पाण्याच्या प्रत्येक भांड्याचा दिवस ठरलेला होता.

औषधांकडे सर्वांत कमी लक्ष जाते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, फिटच्या गोळ्या संपायला आल्या की आपण दुकानात जातो. त्याऐवजी महिनाभराची जादा पट्टी कायम घरात ठेवून जुनी आधी वापरावी. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाच्या घरात वीज गेल्यावर ते गार कसे ठेवायचे याचा विचार आधीच झालेला हवा. ओल्या मातीच्या मडक्यात बंद डबी ठेवण्याची जुनी पद्धत त्यासाठी कामी येते.

आर्थिक कोसळण्याचा अनुभवही मुंबईला आहे. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा ठेवीदाराला आधी एक हजार रुपयेच काढता येणार होते; ती मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली. ज्यांचा पगार, निवृत्तिवेतन आणि बचत त्या एकाच खात्यात होती, त्यांचे घर त्या दिवशी थांबले. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेली, पण विम्याचे पैसे यायला वेळ लागतो आणि दूधवाला थांबत नाही. दोन वेगळ्या बँकांत खाती आणि घरात काही दिवसांची रोकड, लहान नोटांत, ही तयारी सोने घेऊन ठेवण्यापेक्षा अधिक उपयोगाची आहे. वीज आणि नेटवर्क गेल्यावर चालतात त्या नोटाच.

इथवर लिहिले ते ज्यांच्याकडे जागा आणि पैसे आहेत त्यांच्यासाठी. रोज कमावून रोज खाणाऱ्या घराला पंधरा दिवसांचे धान्य एकदम भरता येत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार बहुतेक लाभार्थ्यांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. दिवसाला ते साधारण १६७ ग्रॅम पडते. त्यातून साठवायचे काय? मे २०२० मध्ये जालन्याहून भुसावळच्या दिशेने चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपी गेले आणि मालगाडीखाली चिरडले गेले. त्यांच्याबरोबर रस्त्यात खायला बांधून घेतलेल्या पोळ्या होत्या. त्यांच्याकडे बेगमी होती ती तेवढी.

घराची कोठी जिथे संपते तिथे समाजाची सुरू व्हायला हवी, हे महाराष्ट्राला नवे नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बहामनी सुलतानाचे धान्याचे कोठार लोकांसाठी उघडले अशी कथा शतकानुशतके सांगितली जाते. १९७२ च्या दुष्काळाने दाखवून दिले की एका वाईट वर्षाला पेव पुरते, ओळीने आलेल्या दोन-तीन वर्षांना पुरत नाही. अमेरिकेहून आलेला लाल मिलो लोकांनी खाल्ला, दुष्काळी कामांवर खडी फोडली, तिथे मिळणाऱ्या सुकडीवर मुले जगवली. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला. घरात धान्य नसेल तर निदान ते विकत घेण्याची मजुरी मिळण्याचा हक्क असावा, ही समज त्यातली. आदिवासी भागांत पावसाळ्याच्या तोंडावर देण्याची खावटी हीसुद्धा सरकारने भरून दिलेली बेगमीच. काही वर्षे ती बंद पडली होती. करोनाच्या काळात कुटुंबाला चार हजार रुपयांची, निम्मी रोख आणि निम्मी वस्तुरूपाने, अशी ती पुन्हा दिली गेली. पावसाळी गावांत ती दर वर्षी मे संपायच्या आत हातात पडली पाहिजे. श्रावणात आलेल्या खावटीने आषाढाची भूक भागत नाही.

जलसंपदा खाते नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखते; निळी पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. आपल्या गावातले रेशन दुकान, पाण्याचे उपसा केंद्र, औषधांचे दुकान आणि पेट्रोलपंप या रेषांच्या आत आहेत की बाहेर, हे बहुतेकांना माहीत नसते. १ मे रोजी ग्रामसभा असते. पाऊस सुरू व्हायला तेव्हा महिनाभर उरलेला असतो. त्या सभेत ध्वजवंदनानंतर तासभर काढून एवढे तरी विचारता येईल: गेल्या पाच वर्षांत कोणता रस्ता किती दिवस बंद पडला; रेशनचे जून-जुलैचे धान्य आले का आणि ते जमिनीपासून किती उंचीवर ठेवले आहे; गावात एकटी राहणारी म्हातारी माणसे किती, कुणाचे डायलिसिस चालू आहे, कुणाचे बाळंतपण जुलैत आहे; कुठल्या घरांत आज आठवड्याचे धान्य नाही. उत्तरे तलाठ्याने आणि आशाताईंनी वहीत लिहून घ्यावीत, आणि त्या घरांपुरते धान्य पाऊस सुरू होण्याआधी शाळेच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवावे.